मदत हवी आहे: ४३व्या वर्षी तायक्वांदो, आणि तेही लेकीच्याच वर्गात

पांढरा_पट्टा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. शोधून बघितलं तर 'मुलाला कराटे लावू की तायक्वांदो' यावर ढीगभर चर्चा सापडली. 'मला लावू का' यावर एक ओळ नाही.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपासून आम्ही दक्षिण कोरियात, सुवॉनला राहतो. मी घरून हिशेबाची कामं करते, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. लेक आठ वर्षांची. ती दीड वर्ष झालं, समोरच्या दुकानांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तायक्वांदोला जाते. इथं हा वर्ग म्हणजे निम्मं पाळणाघरच. शाळा सुटली की वर्गाची पिवळी व्हॅन दारात उभी. पोरं चढतात, तासभर लाथा मारतात, दोरीवरच्या उड्या मारतात, मग तीच व्हॅन त्यांना घरी नाहीतर पुढच्या शिकवणीला सोडते. मोठी माणसं मात्र वर्गात औषधालाही दिसत नाहीत.

मागच्या महिन्यात फी भरायला गेले तर ग्वानजांगनिम (वर्गाचे मालक आणि मुख्य गुरुजी) म्हणाले, "ऑमॉनिम, तुम्ही पण या की." इथं मला नावानं कोणी हाक मारत नाही, मी सगळीकडे 'अमकीची आई'. मी हसण्यावारी नेलं. त्यांनी आत जाऊन पिशवीतला नवाकोरा दोबोक, म्हणजे तो पांढरा गणवेश, आणून हातात ठेवला. तीन आठवडे झाले, कपाटात आहे.

आता अडचणी.

मोठ्यांचा वेगळा वर्ग नाही. संध्याकाळी सातच्या तुकडीत यायचं, ज्यात माझी लेकही आहे. रांग पट्ट्याच्या रंगाप्रमाणे लागते. लेक हिरव्या पट्ट्याची, त्यामुळे ती पुढे आणि मी सगळ्यात मागे, सहा वर्षांच्या एका दात पडलेल्या पोराच्या शेजारी. हसू नका.

उजवा गुडघा. आठ वर्षांपूर्वी ओल्या जिन्यावरून घसरले होते, आतल्या बाजूची गादी थोडी फाटली. ऑपरेशन झालं नाही, व्यायामावर भागलं. जिना उतरताना अजून कधीमधी कुरकुरतो.

शेजारच्या गल्लीत हापकिडोचा (दुसरी एक कोरियन युद्धकला) वर्ग आहे. तिथं रात्री नऊला मोठ्यांची तुकडी असते, पाचसहा नोकरदार माणसं. तो लावू का?

दोनेक वर्षांत आम्ही परत जाऊ. इथला पट्टा तिकडे चालतो का?

आणि भाषा. माझं कोरियन म्हणजे भाजीबाजारापुरतं. 'हे केवढ्याला' आणि 'पिशवी नको' एवढ्यावर तायक्वांदो येतं का?

काल दार लावून पट्टा बांधून बघितला. एक टोक गुडघ्यापर्यंत, दुसरं पोटावरच. लेक आत आली, काही न बोलता सोडला आणि म्हणाली, "आई, आधी मध्य पोटावर धर."

---

तिखटमीठ

सहा वर्षांच्या पोराशेजारी उभं राहायची लाज वाटते म्हणताय, पण त्या पोराचा विचार केलात का? त्याच्या शेजारी कुणाची तरी आई येऊन उभी राहणार. त्यालाच जास्त अवघड आहे.

जा हो ताई. कपाटात दोबोकला वास लागेल.

---

देजॉनचा_पाहुणा

ताई, मी देजॉनला संशोधनासाठी तीन वर्षं होतो, तेव्हा ३१व्या वर्षी पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात केली. आता पुण्यात आहे. तुमच्या प्रश्नांची क्रमवारी थोडी बदलतो.

भाषेची काळजी सोडा. वर्गात लागणारे शब्द पन्नासच्या आत आहेत, आणि रोज तेच. 'छार्यॉत' म्हणजे सावधान, 'ग्यॉंग्ने' म्हणजे वाकून नमस्कार, 'चुनबी' तयार, 'शिजाक' सुरू, 'बारो' म्हणजे मूळ जागेवर या. आकडे मात्र आधी पाठ करा: हाना, तुल, सेत, नेत, तासॉत, यॉसॉत, इल्गोप, यॉदॉल, आहोप, यॉल. गोंधळ एवढाच की कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत. लाथा मोजताना हाना-तुल, पण पूमसेचा (ठरलेल्या हालचालींची मालिका) क्रमांक सांगताना इल, ई, साम. मी पहिल्या आठवड्यात 'साम जांग' (म्हणजे पूमसे क्रमांक तीन) ऐकून तीन लाथा मारल्या होत्या.

आपला एक फायदा सांगतो. लाथेला 'छागी' म्हणतात, आणि तो छ आपल्याला जन्मजात येतो. माझ्याबरोबर एक कॅनडाचा मुलगा होता, तो सहा महिने 'चागी' म्हणत होता आणि सगळे हसायचे, कारण 'चागी' म्हणजे 'प्रिये'च्या जवळपासचं काहीतरी होतं. कोरियन माणूस 'थेक्वॉन्दो' म्हणतो, त्यातही थ. मराठी माणसाला हे कान फुकटात मिळालेत.

आता गुडघा, कारण खरा प्रश्न तोच आहे. पहिल्या महिन्यात तुम्हाला दोन लाथा शिकवतील. आप छागी, म्हणजे समोरची लाथ: मांडी वर, गुडघा दुमडलेला, मग पाय सरळ झटकायचा, तसाच दुमडून खाली. यात गुडघ्याला पीळ नाही. दुसरी दोल्ल्यॉ छागी, बाजूनं वळून मारायची लाथ. ही तायक्वांदोची भाकरी आहे, स्पर्धेत सगळ्यात जास्त हीच चालते. आणि गुडघे हिच्यातच जातात. मारणारा पाय नव्हे, टेकलेला पाय!

लाथ मारताना कंबर वळते. टेकलेला पायही चवड्यावर फिरून टाच समोरच्याच्या दिशेला गेली पाहिजे. नवशिका काय करतो? वरच्या पायाकडे बघत बसतो. टेकलेला पाय जमिनीला चिकटलेला, वरचं धड वळलेलं, आणि मधला सगळा पीळ बिचाऱ्या गुडघ्याच्या गळ्यात. त्यात त्या रबरी चटया आणि घामेजलेला अनवाणी तळवा, पाय फिरतच नाही.

म्हणून सल्ला एकच. दोन्हीकडे एकेक दिवस जाऊन बघा, तिकडे 'छेहॉम' म्हणतात, बहुतेक ठिकाणी फुकट असतं. लाथा किती उंच जातात ते बघू नका. शिकवणारा पोरांच्या टेकलेल्या पायाकडे बघतो का, तेवढं बघा. तो बघत असेल तर डोळे मिटून नाव घाला.

---

पायाळू

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाहुण्यांनी बरोबर सांगितलंय, त्यात थोडी भर.

आधी डॉक्टरांना गुडघा दाखवून घ्या, आठ वर्षांपूर्वीचे रिपोर्ट आजच्या गुडघ्याचे नाहीत. त्याआधी घरी एवढं बघा: आरशासमोर उजव्या पायावर उभं राहायचं आणि थोडं वाकून परत सरळ व्हायचं. वाकताना गुडघा आतल्या बाजूला पडतो का? पडत असेल तर दोष बहुतेक गुडघ्यात नाही, खुब्याच्या बाजूच्या स्नायूंत आहे. तुमच्यासारख्या खुर्चीतल्या माणसांचे ते झोपलेले असतात. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पायरीवर हळू चढ-उतार, कुशीवर झोपून पाय वर उचलणं. आधी चार आठवडे हे करा, मग वर्ग. किंवा वर्गाबरोबर करा, पण करा.

वर्गात तीन गोष्टी पाळा. हवेत लाथ मारताना गुडघा पूर्ण ताठ करून कडक झटका देऊ नका, किंचित आधी थांबा. पूर्ण जोर लावायचा तो कोणीतरी पॅड धरल्यावर. दुसरं, तंगड्या फाकवून बसायचा ताण सुरुवातीला घ्यायचा नाही, अंग तापल्यावर, शेवटी. कोणी पाठीवर दाबून बसवायला आलं तर स्वच्छ नाही म्हणा. तिसरं, उडी मारून गरकन फिरायच्या लाथा पहिलं वर्षभर तुमच्यासाठी नाहीतच.

दुसऱ्या दिवशी मांडी-पोटरी दुखली तर कौतुक समजा. गुडघा सुजला, अडकला किंवा ऐनवेळी दगा देऊन वाकला, तर मात्र वर्ग बंद आणि डॉक्टर.

---

रांगडा_गडी

मिरजेची लेक, आणि शिकायचं कोरियन? शेजारी कोल्हापुरात मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, लाठी आहे, पट्टा आहे. तुमचा पट्टा कमरेला, आमचा हातात. आणि त्यांच्या जाहिरातीत लिहितात 'दोन हजार वर्षांची परंपरा', तेही जरा तपासून बघा.

---

पांढरा_पट्टा

दादा, मर्दानी खेळ शिकायला सुवॉनहून रोज सात वाजता कोल्हापूर गाठणं जरा अवघड आहे. :-)

पण तुमच्यासाठी एक गंमत. इथं सुवॉनमध्ये ह्वासॉंग नावाचा किल्ला आहे, राजा जॉंगजोनं १७९४ ते ९६ मध्ये बांधलेला, शहराच्या मधोमध. त्याच्या आतल्या राजवाड्यासमोर तलवार, भाला, काठी अशा चोवीस युद्धकलांची प्रात्यक्षिकं होतात. त्याच राजाच्या हुकमावरून १७९० मध्ये या कलांचं सचित्र पुस्तक तयार झालं होतं, त्यावरून ती बसवली आहेत. मागच्या दिवाळीत सासूबाई इथं होत्या. गवताची मोळी एका वारात कापलेली बघून म्हणाल्या, "आपल्या पंचमीच्या जत्रेत पण असंच असायचं." तेव्हा परके कोणी नाहीत.

पायाळूताई (की दादा?), आरशासमोर उभी राहिले. गुडघा आत पडतोय.

---

जुनी_पोथी

दोन हजार वर्षांबद्दल. थडग्यांच्या भिंतीवरची चित्रं दाखवून तसं सांगतात खरं, पण आजचं तायक्वांदो विसाव्या शतकातलं आहे. जपानी राजवटीत बरेच कोरियन तरुण जपानला शिकायला गेले, तिथं कराटे शिकून आले आणि १९४५च्या आसपास सोलमध्ये त्यांचे आखाडे उघडले. त्यांना 'क्वान' म्हणत. सगळ्यांना एका नावाखाली आणायचं म्हणून १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव ठरलं, त्यामागं जनरल छोए होंग ही हे होते. पुढे फाटाफूट झाली. त्यांनी १९६६ मध्ये स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. सरकारच्या पाठिंब्यानं सोलमध्ये १९७२ला कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं मुख्यालय, उभं राहिलं आणि १९७३ला जागतिक संघटना. ऑलिंपिकमधलं तायक्वांदो या दुसऱ्या वाटेचं: १९८८ सोलला प्रात्यक्षिक, २००० सिडनीपासून पदकं.

हापकिडोही तसंच मिश्रण आहे. छोए योंग-सुल नावाचे गृहस्थ जपानातून परतून देगूला स्थायिक झाले, त्यांच्यापासून ते सुरू झालं. चिनी अक्षरांत लिहिलं तर हापकिडो आणि जपानी आयकिडो ही एकच तीन अक्षरं आहेत.

खरं जुनं हवं असेल तर थेक्क्यॉन. नाचल्यासारखी पावलं टाकत, 'इक, एक' असं ओरडत पाय मारतात. राजवटीच्या काळात ते जवळपास संपलंच होतं, सोंग दॉक-गी नावाच्या म्हाताऱ्या उस्तादांमुळे टिकलं. २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं. पण त्यात सतत गुडघे लवचिक ठेवून डुलायचं असतं, तेव्हा पायाळूंना विचारल्याशिवाय नको.

---

गेंगाणा_पंच

नाशिकला शिकवतो, जिल्हा पातळीवर पंचगिरीही करतो.

पट्टा तिकडे चालतो का, याचं उत्तर: रंगीत पट्टे त्या त्या वर्गाचे असतात. इथल्या नव्या गुरूला तुमचा निळा पट्टा मान्य करायचा की नाही हे तोच ठरवणार, बहुधा चार दिवस बघून मान्य करेल. काळ्या पट्ट्याचं वेगळं. कुक्कीवॉनचं 'दान' प्रमाणपत्र जगभर मानतात, त्यावर नोंदणी क्रमांक असतो. लेकीला सांगून ठेवा, पंधराच्या आतल्या मुलांना 'दान' नाही, 'पूम' मिळतो. त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. इथं पालक त्यावरून भांडतात, 'आमच्या पोराला निम्माच का दिला' म्हणून.

कोरियात नियमित जाणारा साधारण वर्ष-दीड वर्षात पहिल्या दानच्या परीक्षेला बसतो. आपल्याकडे जास्त लागतं. त्यामुळे दोन वर्षांत तुमचं होऊ शकतं. परत आल्यावर वर्ग शोधताना एक विचारा, 'तुम्ही थेगुक पूमसे शिकवता का?' हो म्हणाले तर तुमचीच वाट.

हापकिडो की हे? हापकिडोत मनगट धरणं, सोडवणं, सांधे पिरगाळणं, पडायला शिकणं. चाळिशीनंतर नीट पडता येणं ही लाखमोलाची विद्या आहे, हे मी तायक्वांदोवाला असून सांगतो. तायक्वांदो स्पर्धेत तर तोंडावर ठोसा मारायला बंदी आहे. छातीवर ठोसा एक गुण, अंगावर लाथ दोन, डोक्यावर तीन, त्यामुळे सगळी बुद्धी पायात उतरते. कोणी पर्स ओढली तर तिथं दोल्ल्यॉ छागी मारत बसू नका, पर्स द्या आणि पळा.

---

तिखटमीठ

पंच, 'गेंगाणा' नाव का ते सांगाल का?

---

गेंगाणा_पंच

१९९८, पुणे, डोक्यावरची लाथ. माझ्या डोक्यावरची.

---

पांढरा_पट्टा

मंडळी, सहा आठवडे गायब होते, क्षमस्व. सविस्तर लिहिते.

दोन्हीकडे जाऊन आले. हापकिडोवाल्यांनी पहिल्याच दिवशी मागे लोळायला लावलं, मजा आली, पण शिकवणारा जोडीला सोडून सारखा फोनवर. शिवाय नऊ ते दहा, म्हणजे जेवण अकराला. इकडे मी पाहुण्यांचं ऐकून खुर्चीवर बसून फक्त पाय बघितले. साबॉमनिम (म्हणजे शिक्षिका) म्हणून एक पंचविशीतली मुलगी शिकवते. एका पोरानं दोल्ल्यॉ छागी मारली, तिनं खाली बसून त्याची टाच हातात धरली आणि दाराचं कडी-बिजागर फिरवावं तशी फिरवली. परत मार म्हणाली. परत धरली. चौथ्यांदा ती आपोआप फिरली. मी तिथंच पैसे भरले.

पहिला दिवस. रांगेत मी शेवटची, शेजारी तोच दातपडका. झेंड्याला नमस्कार, गुरुजींना नमस्कार, मग आम्ही आपसात. लेकीनं वळून माझ्याकडे बघितलंही नाही. नंतर घरी म्हणाली, वर्गात आई म्हणायचं नाही, तू नवी आहेस. बरं. दातपडक्यानं मात्र माझी जबाबदारी घेतली आहे. मी डावा-उजवा चुकले की तो नुसता 'श्श' करतो आणि स्वतःच्या हाताकडे बोट दाखवतो.

थेगुकचा पहिला पूमसे येतो आता. डावीकडे वळून खालचा अडवण्याचा हात, आरे माक्की, एक पाऊल, ठोसा. मागे वळून तेच. जमिनीवर चालण्याच्या तीन आडव्या रेघा होतात. साबॉमनिमनं भिंतीवरच्या झेंड्याकडे बोट केलं तेव्हा कळलं, झेंड्याच्या कोपऱ्यातली ती तीन अखंड रेघांची खूण म्हणजे 'आकाश', आणि हा पूमसे तिचा. आठ पूमसे, आठ खुणा, त्यातल्या चार झेंड्यावर. तीन वर्षं हा झेंडा पोस्टात, बँकेत, सगळीकडे बघत होते, रेघा कधी मोजल्या नव्हत्या.

शेवटच्या ठोशाला ओरडायचं असतं, 'गीहाप'. ते दोन आठवडे जमलं नाही. आवाज निघायचा तो उंदीर बघितल्यासारखा. मग एक दिवस ग्वानजांगनिम म्हणाले, घरी मुलीवर ओरडता तसं ओरडा. भिंत हादरली. लेक तेवढी हसली.

गुडघा: डॉक्टरांनी उड्या सोडून सगळ्याला हो म्हटलं. पायाळू, कुशीवरचा व्यायाम रोज करते, आरशात आता गुडघा निम्म्यानं कमी पडतो आत. पहिल्या आठवड्यात दोरीवरच्या उड्यांनी पोटऱ्यांचे दगड झाले. ते बंद केलं, पोरं उड्या मारतात तेव्हा मी भिंत धरून उठबस काढते.

नवा प्रश्न. पुढच्या शुक्रवारी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. पूमसे झाल्यावर एक फळी फोडायची आहे, आप छागीनं. पोरांना प्लॅस्टिकची जोडायची फळी असते, मोठ्यांना खरी लाकडाची. मला घाम फुटलाय. फळी कुणी धरायची ते आपण निवडायचं, आणि लेक म्हणतेय, मी धरते.

---

गेंगाणा_पंच

पायाची बोटं वर, मागे ओढलेली. फळीला लागतो तो चवडा. बोटं पुढे राहिली तर फळीच्या आधी तीच मोडतील. फळीवर मारू नका, फळीच्या वीतभर मागे काहीतरी आहे असं समजून मारा. मनात धाकधूक ठेवून हळू मारली तरच लागते.

रेषा बघून घ्या. लाकडाच्या रेषा धरलेल्या दोन कडांना समांतर असतील तर फळी फुटते, नसतील तर धरणाऱ्याचे हात दुखतात. धरणाऱ्यानं कोपर ताठ आणि मागचा पाय घट्ट रोवायला हवा. तो मागे सरकला की सगळा जोर वाया.

म्हणजे लेकीला नको.

---

देजॉनचा_पाहुणा

आणि लाथ मारताना डोळे फळीवर ठेवा. टेकलेला पाय इथं फारसा फिरवायचा नाही, ही सरळ लाथ आहे. आदल्या रात्री कोऱ्या पुठ्ठ्यावर नवऱ्याला धरायला लावून दहा वेळा मारून बघा.

---

पांढरा_पट्टा

साबॉमनिमना विचारलं, त्या धरणार आहेत. लेक रुसली होती. मग ठरलं की पट्टा तीच बांधून देणार. पुठ्ठा नवऱ्याच्या हातातून उडून कपबशीवर गेला, तेव्हा चवडा बरोबर लागतोय असं दिसतंय.